गरीब गाईची शिंगे

शांत माणसाचे कौतुक करण्यासाठी मराठी भाषेत जेवढे शब्द आहेत, तेवढेच त्याला मोडीत काढण्यासाठीही आहेत. आणि मौज अशी की, एकच शब्द बहुधा दोन्ही कामांना उपयोगी पडतो. ‘गरीब गाय’, ‘पापभीरू’, ‘नाकासमोर चालणारा’, ‘कोणाच्या अध्यात ना मध्यात’ हे उद्गार लग्नाच्या बैठकीत निघाले म्हणजे ती स्तुती ठरते, आणि कचेरीत बढतीच्या वेळी निघाले म्हणजे त्याच उद्गारांनी माणसाचा निकाल लागतो. दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्याला एका गोष्टीविषयी मात्र शंका नसते: हा माणूस आपल्याला पुरता कळला आहे, त्याच्याकडून कसलाही धक्का बसण्याची भीती नाही. गाईला गरीब म्हणताना तिच्या डोक्यावर शिंगे आहेत, ही साधी गोष्ट तो विसरून गेलेला असतो.

माणसांची ही वाटणी केवळ स्वभावावरून होते असे नाही. ती धंद्यावरून होते, गावावरून होते, जातीवरून आणि धर्मावरूनही होते. मास्तर म्हणजे विसराळू आणि भिडस्त. कारकून म्हणजे साहेबाच्या घंटेबरोबर उठणारा आणि घंटेबरोबर बसणारा. कोकणचा माणूस हात राखून खर्च करणारा, देशावरचा अघळपघळ. गोव्याचा सुशेगाद, तर इंदूरचा खाण्याचा शौकीन. अशा वर्णनांत सत्याचा अंश मुळीच नसतो असे म्हणणे धाडसाचे होईल. अंश असतो, म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. परंतु अंशाने पूर्णाची जागा घेतली म्हणजे समोरचा जिवंत माणूस दिसेनासा होतो, आणि त्याच्या जागी आपणच तयार केलेले एक चित्र उभे राहते.

या मनोव्यापाराला इंग्रजीत ‘स्टिरिओटाइप’ असे नाव आहे, आणि हा शब्द मुळात छापखान्यातला आहे. पूर्वी सुटे खिळे जुळवून पान तयार करीत. तेच पान पुन्हा पुन्हा छापावयाचे असेल, तर जुळवलेल्या खिळ्यांचा ठसा कागदाच्या ओल्या लगद्यावर घेत आणि त्या ठशात शिसे ओतून अख्ख्या पानाचा एक अखंड पत्रा करीत. खिळे मोकळे होऊन आपापल्या खणांत परत जात. पत्रा मात्र वर्षानुवर्षे तोच मजकूर छापीत राही. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात हा शब्द माणसांविषयीच्या ठाम समजुतींना लावला, आणि तेव्हापासून तो समाजशास्त्रात रूढ झाला. मराठीत आपण त्याला ‘साचा’ म्हणू.

साचा सोयीचा असतो, हे लिपमन यांनीही मान्य केले होते. दिवसभरात भेटणाऱ्या प्रत्येक माणसाचा नव्याने अभ्यास करीत बसण्याइतका वेळ कोणापाशीच नसतो. भाजीवाल्याशी, तिकीट तपासनिसाशी, शेजारच्या बिऱ्हाडाशी वागताना काही ढोबळ अंदाज बांधूनच व्यवहार चालतो. अडचण निराळीच आहे. जुळवलेल्या खिळ्यांत एखादे अक्षर चुकले, तर ते चिमट्याने उचलून दुसरे बसवता येते. ओतलेल्या पत्र्यातले अक्षर तसे बदलता येत नाही. सौम्य माणसाविषयीच्या समजुतीत असेच एक चुकीचे अक्षर कायमचे ओतले गेले आहे. जो सौम्य तो निरुपद्रवी, आणि जो बंडखोर तो मुळातच निराळ्या मातीचा, असे आपण धरून चाललो आहोत. जुन्यानव्या इतिहासातील काही माणसांची चरित्रे समोर ठेवली, तर हे गृहीत कितपत टिकते?

पहिले उदाहरण महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले मुरूड. प्रकृती किरकोळ, स्वभाव इतका बुजरा की, चारचौघांत बोलावयाचे म्हणजे त्यांना संकट वाटे. सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी ते बरोबरीच्या मुलांसह मुरूडहून साताऱ्यास गेले, तेही सह्याद्री ओलांडून, शंभरांहून अधिक मैल पायी. तिथे परीक्षकांनी त्यांच्या अंगलटीकडे पाहून ठरविले की, हा मुलगा सतरा वर्षांचा असणे शक्य नाही. आणि त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. मुलाने वाद घातला नाही. तो आल्या वाटेने परत गेला, आणि पुढे कोल्हापूरला जाऊन त्याने तीच परीक्षा दिली. त्याच्या साऱ्या चरित्राची रीत या एका प्रसंगात दिसते. आवाज चढवायचा नाही, आणि ठरलेले काम सोडायचेही नाही.

१८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयास आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. तिशी ओलांडलेल्या विधुराने दहा-बारा वर्षांची मुलगी करावी, ही त्या काळची सर्वसंमत रीत होती, आणि एवढ्या गरीब स्वभावाचा माणूस या रीतीबाहेर जाईल असे कोणाच्या स्वप्नीही आले नसते. परंतु गणिताच्या शिक्षकाला एक खोड असते. पायरी गाळून उत्तर लिहिलेले त्याला खपत नाही. पत्नी वारल्यावर पुरुषाला दुसरा विवाह करण्याची मोकळीक असेल, तर पती वारल्यावर स्त्रीला ती का असू नये, या समीकरणाच्या दोन बाजू जुळत नव्हत्या. आणि ज्या बाजू जुळत नाहीत त्यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह घालणे कर्व्यांच्या हातून होण्यासारखे नव्हते. दिनांक ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी आपले मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी, बालविधवा गोदूबाई, यांच्याशी पुण्यात विवाह केला. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

मुरूडच्या ग्रामस्थांनी बहिष्कार घातला, आणि त्याची झळ गावातल्या घरच्या माणसांनाही लागली. बंडाची किंमत बंडखोर एकटाच कधी देत नाही, ही गोष्ट चरित्रकारांच्या हातून पुष्कळदा निसटते. कर्व्यांच्या आईने ती किंमत दिली, आनंदीबाईंनी तर ती जन्मभर दिली. कर्वे मात्र त्यानंतरही कोणावर तुटून पडले नाहीत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याला आश्रमासाठी झोपडी उभी राहिली, तेव्हा दिवसभर कॉलेजात गणित शिकवून संध्याकाळी ते चार मैल चालत तिथे जात, आणि सकाळी चालत परत येत. आश्रमावरील लोकांचा विश्वास डळमळू नये म्हणून पुनर्विवाहाच्या प्रचारापासून ते स्वतः दूर झाले. काही सुधारकांना तेही रुचले नाही. १९१६ साली त्यांनी महिलांचे विद्यापीठ स्थापन केले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला, आणि १९६२ साली ते निवर्तले.

या चरित्रातून निघणारा बोध बहुधा असा सांगितला जातो की, कर्वे वरून मवाळ होते आणि आतून मात्र बंडखोर. हा अर्थ वरवरचा आहे. वर एक माणूस आणि आत दुसरा, असे त्यांच्या ठायी दोन मजले नव्हते. ज्या नियमितपणासाठी, ज्या सचोटीसाठी, ज्या हिशेबीपणासाठी लोक त्यांना साधा मास्तर म्हणत, तेच गुण त्यांना रूढीच्या विरुद्ध घेऊन गेले. समाजाने शिकविलेली नीती त्यांनी समाजापेक्षा अधिक मनावर घेतली होती. न्याय करावा, दीनाला आधार द्यावा, बोलावे तसे वागावे, हे पाठ सगळ्यांनीच म्हटलेले असतात. एखादा विद्यार्थी ते खरेच मानून बसतो, आणि तिथून पंचाईत सुरू होते. त्यांचे पुत्र रघुनाथराव हेही गणिताचेच प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांनी प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, खिशाला खार लावून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यांचा स्वभाव वडिलांहून तिखट होता. परंतु उत्तरापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या मांडून दाखविण्याचा हट्ट दोघांचाही एकच.

कर्व्यांच्या भोवतीचा साचा स्वभावाचा होता. काही वेळा साचा याहून मोठा असतो, आणि अख्ख्या समाजाभोवती तो एखादे सरकार मुद्दाम घट्ट करीत असते. गोव्याची गोष्ट अशी आहे. १९५१ साली पोर्तुगालने घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले, आणि गोवा हा पोर्तुगालचाच तुकडा असल्याचे जगाला सांगण्यास सुरुवात केली. गोव्याचा ख्रिस्ती माणूस मनाने पोर्तुगीजच आहे, ही समजूत त्या युक्तिवादाचा एक मोठा आधार होती. दुर्दैव असे की, सीमेच्या अलीकडेही पुष्कळांनी ती तशीच खरी मानली. वास्तविक त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी गोमंतकीयांच्या राष्ट्रीयत्वाचा ऱ्हास कसा घडविण्यात आला, हे १९४४ सालीच पुस्तिका लिहून दाखविले होते, आणि १९४६ साली त्यांना अटक होऊन पुढे पोर्तुगालमधील तुरुंगात धाडण्यात आले होते. पण कुन्हांसारखी माणसे अपवाद म्हणून बाजूला काढली की, साचा पुन्हा शाबूत राहतो.

अशा काळात, १९५५ साली, मुंबईत नोकरी सांभाळून कायद्याचे शिक्षण घेतलेल्या लिबिया लोबो या तिशीतल्या गोमंतकीय कॅथलिक स्त्रीने शहर सोडले. वामन सरदेसाई आणि निकोलाव मिनेझीस हे सहकारी तिच्या बरोबर होते. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सीमेलगतच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. आरंभी आंबोलीच्या परिसरातून आणि पुढे बेळगावच्या बाजूस कॅसलरॉक येथून, कोकणी आणि पोर्तुगीज या दोन भाषांत, त्या केंद्राने गोव्यातील लोकांपर्यंत बातम्या पोहोचविल्या. वर्तमानपत्रांवर कडक तपासणी होती, सभांना बंदी होती. अशा वेळी घरातल्या खोलीत हळू आवाजात लावलेल्या यंत्रातून येणारा शब्द हाच पुष्कळांचा बाहेरच्या जगाशी संबंध होता. जंगलातला पाऊस, जळवा, एकांत आणि पकडले जाण्याची भीती सोशीत हे काम सहा वर्षे चालले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी भारतीय विमानातून गोव्यावर उड्डाण करीत ध्वनिक्षेपकावरून ती वार्ता घोषित केली. पुढे दोघे विवाहबद्ध झाले. २०२५ साली लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी पार केली होती.

नोकरदार स्त्री, ख्रिस्ती घराणे, पोर्तुगीज भाषेवर प्रभुत्व, या प्रत्येक गोष्टीवरून तिच्याविषयी एक तयार अंदाज बांधता आला असता, आणि तो प्रत्येक अंदाज चुकला असता. येथेही तीच गोष्ट पुन्हा आढळते. जी पोर्तुगीज भाषा परकेपणाची खूण मानली जाई, तीच या कामात हत्यार ठरली. राज्यकर्त्याच्या भाषेत राज्यकर्त्याचे खोटे उघडे पाडणे, हे ती भाषा नीट शिकलेल्या माणसालाच साधते. साच्यात बसविणारा ज्या लक्षणावर बोट ठेवतो, त्या लक्षणातच कधी कधी साचा फोडणारी शक्ती दडलेली असते.

परंतु सगळ्यांच्याच वाट्याला असे सहकारी येत नाहीत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची हकिगत या दृष्टीने मनाला चटका लावणारी आहे. वडील बापूजी हरी शिंदे हे उपायुक्तांच्या कचेरीत मुख्य कारकून आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतीविषयी जे लिहून येऊ लागले, त्याने बुलढाण्यातील ही घरबशी बाई संतापली, आणि १८८२ साली पुण्यात तिचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापून निघाले. प्रती अवघ्या ५००.

पुस्तकाच्या आरंभी ताराबाईंनी स्वतःकडे कमीपणा घेतला आहे. घरात बंदिवान असलेल्या अडाणी बाईचे हे लेखन आहे, अशा थाटाची ती सुरुवात आहे. वाचणाऱ्याने निर्धास्त व्हावे आणि पुढच्या पानांवर त्याची झोप उडावी! स्त्रिया साहसी, कपटी, चंचल, अविचारी, अशी जी दूषणे शास्त्रांपासून नाटकांपर्यंत सर्वत्र दिली जात होती, ती एकेक हातात घेऊन हा दुर्गुण पुरुषात नाही काय, असा रोकडा प्रश्न त्या विचारतात. आज ज्याला आपण सामाजिक साचा म्हणतो, त्याची अशी कलमवार झडती त्यापूर्वी मराठीत कोणी घेतली असेल असे दिसत नाही. भाषा घरातली, रांधपाच्या चुलीजवळची. पण धार अशी की, विद्वानांच्या परिभाषेला ती येणार नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये या पुस्तकाची बाजू घेतली. इतरांकडून मात्र उपेक्षा आणि उपहास झाला. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक शतक, मराठी वाचकाला या नावाची ओळखही उरली नव्हती.

एक बाई एकदाच बोलली आणि गप्प झाली. तिचा धीर सुटला, की ऐकणारेच नव्हते, याचा निवाडा आज करता येणार नाही. पण सामान्य माणसाच्या धैर्याचे गणित कसे चालते, यावर एका साध्या प्रयोगाने पुष्कळ प्रकाश टाकला आहे. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली अमेरिकेत तो प्रसिद्ध केला. काही तरुणांना एकत्र बसवून एक रेघ दाखवावयाची, आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती, ते विचारावयाचे. प्रश्न इतका सोपा की, एकट्याने उत्तर देताना कोणी चुकत नसे. मेख अशी होती की, एक जण सोडून बाकीचे सगळे आधीच पढविलेले होते, आणि ते ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. ज्याला काही ठाऊक नव्हते तो बिचारा गोंधळून जाई. अशा कसोटीच्या वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरे डोळ्यांना दिसणारे सोडून घोळक्याच्या मागे गेली. सुमारे एक चतुर्थांश माणसे मात्र एकदाही वाकली नाहीत.

या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. घोळक्यातल्या एकाच माणसाला खरे उत्तर द्यावयास सांगितले, तर काय होते? बाकी सारे पूर्ववत एकमुखाने खोटे बोलत असूनही, केवळ एक सोबती मिळाल्याबरोबर चुकीच्या उत्तरांचे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आले. वाकणारी माणसे आणि ताठ राहणारी माणसे अशा दोन जाती देवाने निर्माण केल्या आहेत, या समजुतीला हा मोठा धक्का आहे. काल वाकलेला माणूस आज ताठ उभा राहतो, आणि त्यासाठी त्याचा स्वभाव बदलावा लागत नाही. शेजारून खरे बोलणारा एक आवाज पुरतो. कर्व्यांना नरहरपंतांसारखा मित्र होता. रानातल्या नभोवाणीला तिघांची सोबत होती. ताराबाईंच्या वाट्याला एका फुल्यांचा आवाज आला, आणि तो बुलढाण्यापासून फार दूर होता.

सोबतीची ही शक्ती अमेरिकेच्याच अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, साऱ्या जगाने पाहिली. १ डिसेंबर १९५५ रोजी, म्हणजे सीमेवरच्या नभोवाणीला आठवडाही झाला नव्हता तेव्हा, रोझा पार्क्स या बेचाळीस वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीने बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला. तिला अटक झाली आणि दंड झाला. त्याच रात्री जो अॅन रॉबिन्सन या कॉलेजातील प्राध्यापिकेने हजारो पत्रके छापून काढली. शहरातल्या कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांनी ३८१ दिवस बसमध्ये पाऊल टाकले नाही. मोलकरणी, शिपाई, शाळामास्तर मैल न् मैल पायी चालले. आणि १९५६ च्या अखेरीस न्यायालयाच्या निर्णयाने बसमधला तो भेद संपला.

ही कथा पुढे शाळेच्या पुस्तकांत गेली, आणि तिथे तिला एक नवा साचा मिळाला. एक साधी शिवणकाम करणारी बाई दिवसभराच्या कामाने दमली होती, म्हणून उठली नाही, अशी ती गोष्ट सांगितली जाऊ लागली. खुद्द पार्क्सबाईंनी हे नाकारले आहे. अंगाचा शीण नेहमीपेक्षा अधिक नव्हता, मान तुकवण्याचा शीण आला होता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. १९४३ पासून त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. अन्यायाच्या तक्रारी नोंदवीत, साक्षीदारांना भेटत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील एका लोकशाळेत जाऊन त्यांनी समतेच्या चळवळीचे शिक्षणही घेतले होते. बारा वर्षांची ही तयारी वगळून फक्त दमलेले पाय तेवढे ठेवले की, गोष्ट गोड होते. बंड हा अपघात ठरतो, आणि कोणालाच त्यापासून काही शिकावे लागत नाही.

समाज सौम्य माणसावर असा दोनदा अन्याय करतो. प्रथम त्याला निरुपद्रवी ठरवितो. आणि त्याने बंड केल्यावर त्या बंडाला एक तर योगायोग म्हणतो, नाही तर दैवी चमत्कार. कर्व्यांना ‘महर्षी’ म्हणण्यात आदर आहे, यात संशय नाही. पण महर्षींचे अनुकरण करावयाचे नसते, त्यांना हार घालावयाचा असतो. चार मैल चिखल तुडवीत जाणाऱ्या गणिताच्या मास्तराचे अनुकरण मात्र करता येण्यासारखे आहे, आणि म्हणूनच तो मास्तर आपल्याला तसबिरीत अधिक सोयीचा वाटतो.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. प्रत्येक शांत माणसाच्या पोटात दडलेले बंड उदात्तच असते काय? निश्चितच नाही. कचेरीत मान खाली घालणारा गृहस्थ घरी येऊन बायकामुलांवर खेकसतो, तेही दबलेल्या रागाचेच रूप आहे. निनावी अर्ज लिहिणारा, दुसऱ्याच्या मागे कंड्या पिकविणारा, हाही आपल्या परीने सूडच उगवीत असतो. फरक ओळखण्याची कसोटी अवघड नाही. खऱ्या बंडाचा रोख वर असतो, बळवंताकडे. आणि त्याचा जो तोटा व्हावयाचा तो बंड करणारा उघडपणे पत्करतो. खोट्या बंडाचा रोख खाली, दुर्बळाकडे असतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल केली जाते. पुष्कळदा दुसऱ्या प्रकारचे बंड वाढते ते पहिल्याला वाट न मिळाल्यामुळे. ज्याचे म्हणणे कोणी कधी विचारले नाही, त्याच्या मनातला न्याय हळूहळू आंबून त्याचा मत्सर होतो.

म्हणून साच्यांचा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा किंवा दुसऱ्याच्या भावना जपण्याचा नाही. एखाद्याला गरीब गाय ठरविल्याने त्याचा अपमान होतो एवढेच नुकसान असते, तर ते सोसता आले असते. खरे नुकसान समाजाचे आहे. घोळक्याच्या चुकीच्या उत्तराला अडविणारा जो एक आवाज हवा असतो, तो बहुधा अशाच एखाद्या माणसापाशी असतो. हिशेब चोख ठेवणाऱ्याला हिशेबातली लबाडी प्रथम दिसते. नियम पाळणाऱ्यालाच कळते की, नियम कोणासाठी वाकविला जातो. कमी बोलणाऱ्याने जास्त ऐकलेले असते. त्याला दिसलेले बाहेर यावयाचे की त्याच्याबरोबरच जावयाचे, हे त्याच्या एकट्याच्या शौर्यावर अवलंबून नाही. ते शेजारी बसलेल्याच्या वागण्यावरही तितकेच अवलंबून आहे.

याला मोठ्या चळवळी लागत नाहीत. घरात लग्नाची बोलणी चालली असता, ज्या मुलीला ‘ती काय, गरीब गाय आहे’ म्हणून आत बसविले जाते, तिचे मत तिच्याच तोंडून ऐकणे हा आरंभ होऊ शकतो. सभेत ठराव एकमताने संमत झाला असे जाहीर होण्यापूर्वी, कोपऱ्यात बसलेल्या सदस्याची मान खरोखर हलली की नाही, हे पाहणे हा आरंभ होऊ शकतो. शाळेत तर ही संधी रोज मिळते. गुणी मुलगा म्हणून ज्याची पाठ थोपटली जाते, आणि म्हणूनच ज्याला कोणी काही विचारीत नाही, असा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याला एखाद्या दिवशी उभे करून धड्यावरचा प्रश्न बाजूला ठेवावा, आणि तुला स्वतःला काय वाटते, एवढेच विचारावे. उत्तर यावयास वेळ लागेल; तेवढा वेळ थांबावे.